नांदूर मधमेश्वरचा गाळ

गोदावरीला मोठा पूर आला की नाशिक जिल्ह्यातल्या सायखेडा आणि चांदोरीत पाणी शिरते आणि नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातला गाळ काढा, ही मागणी पुन्हा जोर धरते. ऑगस्ट 2016 मध्ये आणि ऑगस्ट 2019 मध्ये या गावांनी ते सोसले आहे. हिवाळ्यात त्याच बंधाऱ्याच्या उथळ पाण्यावर चक्रवाक, तलवार बदके, करकोचे उतरतात. तेव्हा या पाणथळीला हात लावू नका, असे पक्षिप्रेमी बजावतात. दुकान आणि घर दोन्ही चिखलात गेलेल्या माणसाचा संताप खरा आहे. गाळ साचला नसता तर हे पक्षी येथे थांबले नसते, हेही खरे आहे. मात्र काढा आणि काढू नका या दोन घोषणांतून निर्णय निघत नाही. आमचे स्पष्ट मत असे की या गाळाचा निकाल जलसंपदा खात्याने एकट्याने लावू नये आणि वनखात्यानेही लावू नये. खडक, पाणी आणि वन्यजीव यांचे संशोधन एका खोऱ्याचे म्हणून एकत्र मांडावे, ते लोकांपुढे ठेवावे आणि मगच यंत्रे नदीत उतरवावीत.

हा बंधारा 1907 ते 1911 या काळात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी बांधला गेला. 1916 साली इगतपुरी तालुक्यात दारणा धरण पुरे झाले आणि तेथून सोडलेले पाणी या बंधाऱ्याशी अडवून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवण्याची व्यवस्था लागली. निफाडपासून कोपरगाव, राहात्यापर्यंतची बागायत या पाण्यावर उभी राहिली. बंधाऱ्यामागे नदीचा वेग मंदावला, गाळ बसत गेला, बेटे तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. 1986 मध्ये अभयारण्य झाले. 2020 च्या आरंभी 1437 हेक्टरची ही पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्राला मिळालेला तो पहिला मान. साठवण खाऊन टाकणारी जी गोष्ट अभियंत्याला नको असते, तिच्यावरच येथले पक्षिजीवन उभे आहे. पण वन्यजीवांची बाजूही एकच नाही. रामसरच्या नोंदीत देवळालीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका लहानशा माशाचा उल्लेख आहे. होरा आणि मिश्रा यांनी 1938 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो. या प्रजातीचे मासे वाहत्या, खडकाळ प्रवाहात राहणारे आहेत. बदकांना उथळ गाळ हवा, या माशाला स्वच्छ धार हवी. वन्यजीव वाचवा एवढे म्हटल्याने नेमके काय करायचे ते ठरत नाही, ते यामुळेच.

गाळाची कथा 1911 पासून सुरू होते असेही नाही. बंधाऱ्याचे काम निघण्याआधी, 1905 मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गाय पिलग्रिम यांनी गोदावरीच्या गाळात मिळालेल्या एका लुप्त, महाकाय हत्तीच्या अवशेषांवर निबंध प्रसिद्ध केला. ते अवशेष नांदूर मधमेश्वरचेच होते. पुढे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना नाशिकच्या वरच्या अंगाला गंगापूरजवळ अश्मयुगीन हत्यारे मिळाली आणि गोदावरीच्या थरांचा काळ हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासाचा विषय झाला. शरद राजगुरू, जी. एल. बदाम यांच्यासारख्या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्राच्या नद्यांचे काठ वाचून दाखवले ते असे: पाऊसमान बदलले तशी नदी कधी गाळ साठवत गेली, कधी आपल्याच थरांतून खोल चर काढत गेली. याचा आजच्या पुराशी थेट संबंध आहे. सह्याद्रीचा तीव्र उतार उतरून आलेली गोदावरी निफाडच्या सपाटीवर मंदावते आणि गाळ टाकते, ही तिची फार जुनी रीत आहे. बंधाऱ्याने तिला जोड दिली. तेव्हा सायखेड्याच्या पुरात बंधाऱ्यातल्या गाळाचा वाटा किती, मुळातल्या सपाट उताराचा किती, पूररेषेतल्या बांधकामांचा आणि पुलांच्या अडथळ्यांचा किती, हे नदीचे छेद घेऊन मोजल्याशिवाय गाळ उपसणे म्हणजे लोकांना खोटा दिलासा देणे आहे. कोट्यवधी खर्चून खोल केलेला खड्डा नदी काही पावसाळ्यांत पुन्हा भरू शकते.

गाळ येतो कुठून, याचे उत्तर वरच्या डोंगरांत शोधावे लागेल. त्र्यंबक, इगतपुरीच्या माथ्यावर दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात येवला, नांदगावला त्याचा चौथा-पाचवा हिस्साही कष्टाने मिळतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर ही या सगळ्या प्रदेशाची बैठक. त्यातला एकसंध काळा पाषाण पाणी जवळजवळ धरत नाही. पाणी धरतो तो वरचा मुरूम, सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि भेगा. उतारावरची झाडी गेली, डोंगर खाणींसाठी फोडले की पाणी मुरण्याची ही पातळ जागाच नाहीशी होते आणि पाऊस माती घेऊन धावत सुटतो. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याची खोदकामे मोकळी सोडून नांदूरला गाळ उपसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय हा गाळ गावतळ्यातल्या गाळासारखा नाही. तो नाशिक शहर आणि औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला साचलेला आहे. शहराचे सांडपाणी त्याच प्रवाहातून खाली येते आणि पाणवेलींचे थर दरवर्षी त्याची साक्ष देतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही 2017 ची योजना चांगली आहे. पण येथला गाळ जड धातूंसाठी तपासल्याविना द्राक्षबागांत आणि कांद्याच्या वावरांत पसरवला तर बंधाऱ्याचे दुखणे शेतात जाईल. मग शेतकऱ्याच्या हिताच्या नावाने शेतकऱ्याचेच नुकसान होईल.

एकाच खात्याच्या नजरेने घेतलेला निर्णय किती महाग पडतो, हे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरने अनुभवले आहे. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, उसात बिबट्याला आडोसा मिळाला. निफाड, सिन्नरच्या शिवारांतही हीच साखळी आहे. जुन्नर भागात 2001 नंतर 29 बिबटे पकडून लगतच्या जंगलांत सोडण्यात आले. उपाय सरळ वाटत होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते स्थलांतरानंतर 17 वर गेले. लोकांचे जीव वाचवण्यासाठी केलेल्या कामाने जीव अधिक गेले. आपल्या भूभागातून उचललेले जनावर कसे वागते, याचा अभ्यास आधी झाला असता तर बळी गेलेल्यांच्या घरांवरचा घाला टळू शकला असता. पाणथळीच्या बाबतीत तीच घाई पुन्हा होऊ नये.

यावर पहिला आक्षेप येईल तो वेळेचा: अभ्यास होईपर्यंत आम्ही किती पूर सोसायचे? हा प्रश्न रास्त आहे आणि पूरग्रस्तांना थांबा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण वरच्या धरणांतून पाणी कधी, किती सोडायचे याची आगाऊ सूचना, दरवाजांचे चोख परिचालन, पूररेषेतली अतिक्रमणे हटवणे, ही कामे कोणत्याही अहवालाची वाट न पाहता यंदाच करता येतात. दुसरा आक्षेप असा की ही पाणथळ माणसाने बांधली, तेव्हा ती निसर्ग म्हणून जपण्याचे कारण काय? भरतपूरची केवलादेव पाणथळही माणसाने बांधलेली आहे. शंभरहून अधिक वर्षे पिढ्यानपिढ्या येणाऱ्या पक्ष्यांसाठी बांधकामाचा दाखला निरर्थक आहे. तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो: संशोधनाचे अहवाल येतात आणि कपाटात जातात, गावाच्या हाती काही लागत नाही. या तक्रारीत तथ्य आहे. म्हणूनच संशोधनात गावाचा वाटा सुरुवातीपासून हवा. नाशिकजवळच्या बोरगडला 2008 मध्ये राज्यातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र झाले, त्यात खोरीपाड्याच्या आदिवासी ग्रामस्थांची साथ होती. नांदूरच्या मच्छीमाराला पाण्याची खोली आणि माशांची ये-जा कोणत्याही उपकरणाइतकी ठाऊक असते. ती माहिती नोंदवून घेणे हेही संशोधनच आहे.

नवी संस्था उभारण्याची गरज नाही. धरणांतल्या गाळाचा अभ्यास करणारी महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था 1959 पासून नाशिकमध्येच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. वनविभाग पक्ष्यांची गणना करतो. तिघांच्या नोंदी एका नकाशावर आणणे हे काम प्रशासनाच्या आवाक्यातले आहे. 2017 च्या पाणथळ नियमांना एकात्मिक व्यवस्थापन आराखडाच अभिप्रेत आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी गोदावरीवर मोठा निधी खर्च होत आहे. त्यातला छोटा हिस्सा येत्या पावसाळ्यानंतरच्या मोजणीसाठी राखावा: बंधाऱ्याच्या तळाची खोली, गाळाच्या थरांची जाडी आणि रासायनिक तपासणी, वरच्या ओढ्यांतून येणाऱ्या मातीचे मोजमाप, आणि कोणत्या भागात कोणते पक्षी उतरतात याचा नकाशा. त्यावरून गाळ कुठे काढायचा, कुठे तसाच ठेवायचा, हे सायखेडा आणि चांदोरीच्या ग्रामसभांत आकड्यांनिशी मांडावे. जिल्हाधिकाऱ्यांनी तिन्ही खात्यांना एकत्र बसवून या मोजणीची तारीख जाहीर करावी. तोपर्यंत बंधाऱ्यातला गाळ उपसण्याची एकही निविदा निघता कामा नये.