भिंतीवरचे जहाज आणि पाहणाऱ्याची दृष्टी

मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा त्या गर्दीत समुद्राची आठवण होण्याचे कोणालाही कारण नसते. परभणी जिल्ह्यातील हे गाव किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहे. येथील मुलाला जहाज प्रथम दिसते ते पडद्यावर किंवा मुंबईच्या सहलीत, गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्यावरून. साहजिकच, जहाज ही कोकणची, फार तर परदेशाची वस्तू, अशी समजूत रूढ झाली. या समजुतीचे खंडन करणारा पुरावा मात्र मराठवाड्यातच भिंतीवर रंगवलेला आहे.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, इसवी सनाच्या पाचव्या शतकातील एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर ताणलेली उंच शिडे, मागच्या बाजूस दिशा देणारी वल्ही आणि आत मांडलेले घट. पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेतील हा प्रसंग आहे. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. वाघूर नदीच्या दरीतील चित्रकाराने इतक्या बारकाव्याने जहाज रंगवावे, याचा अर्थ एकच. समुद्र दूर होता. समुद्राचे ज्ञान दूर नव्हते.

ते दूर असण्याचे कारणही नव्हते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, या नगरांतून माल गाड्यांवर लादून भरुच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. त्या मालात तगरचे कापड होते. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरले गेले, ते हौसेखातर नव्हे. कापूस पिकवणारी आणि विणणारी ही भूमी बंदराशी बैलगाडीच्या चाकोरीने जोडलेली होती.

मग हा धागा तुटला कोठे? सर्व दोष परकीय सत्तांवर टाकून मोकळे होणे सोयीचे आहे, पण प्रामाणिकपणाचे नाही. समुद्र ओलांडणे निषिद्ध ठरवणारी बंधने समाजाने स्वतःच स्वतःवर लादून घेतली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ज्या सात स्वदेशी बेड्या तोडण्यास सांगितले, त्यांत सिंधुबंदी ही एक होती. ज्यांच्या पूर्वजांनी शिडे रंगवली, त्यांच्या वंशजांना समुद्रप्रवासानंतर प्रायश्चित्त घ्यावे लागावे, यापरते दुर्दैव कोणते?

त्या दुर्दैवाला उत्तरही अजिंठ्याच्या भिंतीनेच दिले. या जहाजाच्या चित्रावरून, कोणताही मूळ आराखडा हाती नसताना, भारतीय नौदलाच्या सहभागाने एक शिडाचे जहाज बांधले गेले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली त्याच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवण्यात आल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात सामील झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते मस्कतला पोहोचले. चित्राकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले, की भिंतीवरचे जहाजही समुद्रात उतरते.

प्रश्न आहे तो या दृष्टीचा. अजिंठ्याची सहल म्हणजे पहिल्या लेण्यातील पद्मपाणी, सव्विसाव्यातील महापरिनिर्वाण, बाहेर सामूहिक छायाचित्र आणि परतीची बस. जहाजापुढून हजारो पावले जातात, थांबतात थोडी. स्थळदर्शन होते, पण दर्शन होत नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. मानवतच्या शाळेतून सहल निघण्यापूर्वी शिक्षकांनी वर्गात पूर्णाची कथा सांगावी. आधी तेरचे लामतुरे संग्रहालय पाहावे, मग अजिंठा, आणि पुढे मुंबईला गेल्यास सोपाऱ्याचा स्तूप. गाड्यांची वाट, जहाज आणि बंदर अशी ती साखळी पूर्ण होईल. लेण्यात मात्र थोड्यांनी जावे, शांत राहावे. हे रंग गर्दीच्या श्वासातील ओलाव्यानेही झिजतात, आणि एकदा गळलेला पोपडा कोणतेही सरकार परत लावू शकत नाही.

मोंढ्यातील कापसाची गाडी पाहताना ज्या दिवशी मानवतच्या मुलाला शीड आठवेल, त्या दिवशी मराठवाड्याला त्याचा समुद्र परत मिळाला, असे म्हणता येईल.