पुरुषसंप्रेरक आणि अपत्यप्राप्ती

मूल होत नाही म्हणून एखादा तरुण औषधोपचार शोधू लागतो, आणि कोणाच्या तरी सल्ल्यावरून टेस्टोस्टेरोनची इंजेक्शने घेतो. अंगात उत्साह येतो, स्नायू भरतात. काही महिन्यांनी रेताची तपासणी करावी, तर पूर्वी थोडेबहुत असलेले शुक्रजंतूही नाहीसे झालेले! वाचकास याचे नवल वाटेल. शरीरशास्त्राच्या अभ्यासकास वाटणार नाही.

टेस्टोस्टेरोन हे पुरुषत्वाचे प्रमुख संप्रेरक होय. १९३५ साली ते शुद्ध स्वरूपात हाती आले आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिचका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. त्यावाचून शुक्रजंतूंची वाढ पूर्ण होत नाही, हे खरे. यावरून ते जितके अधिक तितकी जननक्षमता अधिक, असे अनुमान कोणीही काढील; आणि येथेच फसगत होते. शुक्रजंतूंना जे टेस्टोस्टेरोन लागते ते वृषणातच निर्माण झालेले असावे लागते. तेथील त्याचे प्रमाण रक्तातल्याहून अनेक पटींनी अधिक असते, आणि दंडात टोचलेल्या औषधाने ते तेथवर चढत नाही.

इतकेच असते तर औषध केवळ निरुपयोगी ठरले असते. ते अपायकारक का ठरते? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोष ग्रंथी असते. ती दोन संप्रेरके वृषणाकडे धाडते. एकामुळे तेथे टेस्टोस्टेरोन तयार होते, दुसऱ्यामुळे शुक्रजंतूंचे पोषण करणाऱ्या पेशी कार्यरत राहतात. रक्तात बाहेरून टेस्टोस्टेरोन आले की मेंदू व ही ग्रंथी ‘पुरेसे आहे’ असे समजून दोन्ही आज्ञा आवरतात. पाटात कोणी दुसऱ्याने पाणी सोडलेले पाहून मोटकऱ्याने मोट थांबवावी, आणि थारोळ्याशेजारचा वाफा मात्र वाळून जावा, तसे हे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांतील २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन एनँथेट टोचून पाहिले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांच्या आत त्यांपैकी १५७ जणांच्या रेतात एकही शुक्रजंतू उरला नाही. हा प्रयोग संततिनियमनासाठी होता, हे ध्यानी घ्यावे. मूल नको म्हणून ज्याची परीक्षा घेतली, तेच औषध मूल हवे असणाऱ्याने घ्यावे, याला काय म्हणावे?

इंजेक्शने थांबविल्यावर बहुतेकांच्या शुक्रजंतूंची संख्या पूर्ववत् होते. परंतु एका शुक्रजंतूच्या घडणीसच सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ, थांबावे लागते. तिशी ओलांडलेल्या जोडप्यास हा विलंब लहान नव्हे. तेवढ्या काळात बोल मात्र बहुधा पत्नीच ऐकते!

आमच्या मते, टेस्टोस्टेरोनची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ‘आपणांस मूल हवे आहे काय?’ हा प्रश्न प्रत्येक पुरुषास विचारला गेलाच पाहिजे. व्यायामशाळांतून हे औषध देणाऱ्यांकडून तशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही. तेथे तरुणांनीच सावध राहावे. पोष ग्रंथीच्या दोषामुळे ज्यांचे टेस्टोस्टेरोन खरोखर कमी आहे, त्यांच्यासाठी त्या ग्रंथीच्या संप्रेरकांसारखी कार्य करणारी इंजेक्शने उपलब्ध आहेत. ती वृषणाचे काम बंद पाडीत नाहीत, चालू करतात. मात्र ती कोणास द्यावयाची, हे रक्ताच्या व रेताच्या तपासणीवाचून ठरविता येत नाही.