आमची ऐकीव रसिकता

परवा आमच्या कोल्हापुरात जुन्या चित्रपटांच्या चाहत्यांची एक बैठक भरली होती. बैठक म्हणण्यासारखे तीत विशेष काही नव्हते. एका स्नेह्यांच्या माडीवर पंधरावीस मंडळी, मध्ये चहाचे पेले, आणि ज्यास जे आठवेल ते त्याने बोलावे एवढाच नियम. प्रारंभ अर्थातच हॉलिवूडपासून झाला. गार्बो श्रेष्ठ की बर्गमन, चॅप्लिन थोर की कीटन, असे प्रश्न निघाले आणि नेहमीप्रमाणे अनिर्णीत राहिले. मग गाडी गावाकडे वळली. एका व्यासंगी गृहस्थांनी बाबूराव पेंटरांच्या १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाचे वर्णन आरंभिले. काळोखात बुडालेली ती झोपडी, ती निःस्तब्ध रात्र, आणि त्या शांततेस चिरीत जाणारे कुत्र्याचे ते भेसूर रडणे! सांगणाऱ्यांचा कंठ दाटून आला. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. ‘असे दृश्य हॉलिवूडला तरी कधी साधले आहे काय?’ असा सवाल झाला आणि साऱ्यांनी माना डोलाविल्या. आम्हीही डोलाविली.

घरी परतताना वाटेत आमच्या मनात एक अगदी साधी शंका उद्भवली. चित्र मूक होते. मग कुत्र्याचे रडणे ऐकले कोणी?

उलगडा कठीण नाही. बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ दोनदा काढला. १९२५ साली मूक आणि १९३६ साली बोलका. झोपडीच्या आणि कुत्र्याच्या त्या दृश्याची आठवण मुंबईचे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी लिहून ठेवली आहे, आणि ती आहे बोलपटाची. मूकपट आपणास अंधुकच आठवतो, बाबूरावांचा मोठेपणा उमगला तो बोलपट पाहिल्यावर, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. पुढे ते एक वाक्य या लेखातून त्या लेखात, या भाषणातून त्या भाषणात फिरत राहिले. वाटेत कोठेतरी बोलपटाचा मूकपट झाला, आणि कुत्रे मात्र रडतच राहिले. ज्या प्रामाणिक गृहस्थाने आपणास काय नीट आठवते व काय आठवत नाही हे स्पष्ट सांगितले, त्याचीच साक्ष आम्ही अशी वापरली.

ही चूक एकट्या त्या गृहस्थांची नव्हे; म्हणूनच ती जाहीरपणे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो. १९२५ साली समजत्या वयात तो मूकपट पाहिलेला माणूस आज हयात असेल, तर त्याने वयाची शंभरी केव्हाच ओलांडली असली पाहिजे. माडीवरील मंडळीत सर्वांत वडील गृहस्थ पंचाहत्तरीचे होते. तरीही त्या चित्राविषयी बोलताना ‘म्हणतात’, ‘सांगतात’, ‘वाचले आहे’ यांपैकी एकही शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. आम्ही स्वतः ‘सैरंध्री’तील कीचकवधाविषयी अनेकदा अशाच आवेशाने बोललो आहो. १९२० सालचे ते चित्र आम्ही पाहिलेले नाही. आमच्या वडिलांनीही पाहिलेले नव्हते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, जुन्या चित्रपटांविषयीची आमची रसिकता ही बव्हंशी ऐकीव आहे; ती त्या चित्रांचा गौरव करीत नाही, उलट त्यांच्या विस्मृतीस हातभार लावते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हिंदुस्थानात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांतील पूर्ण वा तुटक स्वरूपात उरलेल्यांची संख्या तिसाच्या आसपास आहे. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची कथा याहून निराळी नाही. ‘सैरंध्री’ गेला, ‘सिंहगड’ गेला, मुका ‘सावकारी पाश’ गेला. १९२७ च्या ‘मुरलीवाला’सारख्या एखाद्या चित्राचे काही तुकडे तेवढे उरले. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या. त्या पेट घेत, आणि न पेटल्या तरी काही वर्षांत विरघळून चिकट होत. शिवाय त्यांतून चांदी निघे. चित्राची मागणी संपली की त्याच्या फितीची किंमत चांदीपुरतीच उरे, आणि ती कोणी सोडीत नसे. अमेरिका श्रीमंत खरी, पण तिचीही कथा सुखाची नाही. तेथील काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्या देशातील सुमारे ११ हजार दीर्घ मूकपटांपैकी अवघे १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. लॉन चेनीच्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ या १९२७ च्या चित्राची शेवटची ज्ञात प्रत १९६५ साली कंपनीच्या कोठारास लागलेल्या आगीत गेली, आणि तेव्हापासून त्याची कीर्ती सारखी वाढत आहे. जे चित्र कोणी पाहू शकत नाही त्यात दोष कोण काढणार? गावोगावच्या रसिकांचा स्वभाव येथून तेथून सारखाच दिसतो.

या ऐकीव रसिकतेचे आणखी दोन अवगुण आहेत. पहिला, परक्या मापाने आपला माल मोजण्याचा. बाबूराव म्हणजे आपले ग्रिफिथ. दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग म्हणजे आपले लॉरेल-हार्डी. अशी शिफारसपत्रे आम्ही उदार हस्ते वाटतो. ग्रिफिथची तांत्रिक थोरवी कोणी नाकारीत नाही. पण त्याच्या १९१५ सालच्या ‘बर्थ ऑफ अ नेशन’ने काळ्या लोकांवर अत्याचार करणाऱ्या बुरखेधारी टोळ्यांस वीरांच्या आसनावर बसविले. उलट, नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या आणि आपला कॅमेरा आपल्या हातांनी बनविणाऱ्या कोल्हापूरच्या एका कारागिराने, सावकाराच्या कागदापायी जमीन गमावून शहराच्या गिरणीकडे वळणारा शेतकरी पडद्यावर आणला. या दोघांस एका नावाने हाक मारण्यात गौरव कोणाचा होतो? दामूअण्णा आणि जोग यांचेही तेच. १९४० सालच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये मास्टर विनायकांनी त्यांस चिमणराव आणि गुंड्याभाऊ केले. चिं. वि. जोशींच्या पुस्तकांतून उतरलेले हे दोघे मराठी पांढरपेशा संसाराचे जीव. त्यांचे हसे होते ते लग्न जमविण्याच्या खटाटोपात, मानपानात आणि पैशाच्या ओढाताणीत. एक लठ्ठ व एक रोड एवढ्यावरून ते लॉरेल-हार्डी ठरत असतील, तर प्रत्येक गल्लीत एकेक जोडी सापडेल.

दुसरा अवगुण म्हणजे सरसकट स्तुतीचा. जुने ते सोने असे एकदा ठरविले की कस लावण्याचे कामच उरत नाही. वास्तविक जे उरले आहे ते पाहण्यासारखे आणि त्यावर भांडण्यासारखे आहे. ‘प्रभात’ची स्थापना १ जून १९२९ रोजी याच गावी झाली, आणि पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली याच गावी तयार झाला. सुदैवाने तो शाबूत आहे. तो डोळे उघडे ठेवून पाहावा. गोविंदराव टेंब्यांचे संगीतातील स्थान वादातीत आहे; पण त्यांचा हरिश्चंद्र रंगभूमीवरचा आहे, समोर प्रेक्षक बसले आहेत अशा समजुतीने तो उभा राहतो आणि बोलतो. दुर्गाबाई खोट्यांची तारामती मात्र कॅमेऱ्यास ओळखते. तिचे गप्प राहणेही दिसते. एकाच चौकटीत एक कला मावळते आहे आणि दुसरी उगवते आहे. आमचे हे मत कोणास अमान्य असेल तर उत्तमच. पण ते खोडून काढण्यासाठी त्यास चित्र पाहावे लागेल.

‘संत तुकाराम’चेही तसेच. १९३३ साली ‘प्रभात’ पुण्यास गेली; पण १९३६ चे हे चित्र दिग्दर्शित करणारे दामले आणि फत्तेलाल हे दोघेही बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. या चित्राचे नाव निघताच आम्ही विष्णुपंत पागनीसांच्या नावाने हात जोडतो, व्हेनिसच्या महोत्सवाचा उल्लेख करतो आणि थांबतो. जो ते चित्र खरोखर पाहतो त्यास मात्र गौरी दिसते. ‘प्रभात’मध्ये किरकोळ कामे करणाऱ्या या बाईने जी जिजाई उभी केली, तीस तोड नाही. आजारी पोरास ओढीत देवळात नेऊन प्रत्यक्ष विठोबावर पायताण उगारणारी ती बाई पाहिली, म्हणजे तुकोबांची भक्ती कोणाच्या कष्टांवर उभी होती हे एका क्षणात कळते. शेवटी नवरा वैकुंठास निघतो, आणि ती पोरांपाशी मागे राहते. या चित्राचा अर्धा अर्थ त्या मागे राहण्यात आहे. आमच्या बैठकीत ‘संत तुकाराम’वर पाऊण तास भाषणे झाली, गौरीचे नाव एकदाही आले नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो आलाही, की ‘यात बिघडले काय? लोक प्रेमाने बोलतात, गावाचा अभिमान बाळगतात; अशा भोळ्या प्रेमात खोट कशास काढता?’ आक्षेप सहृदय आहे आणि त्यास उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे. आजोबांनी सांगितलेली आठवण ही मोलाचीच वस्तू आहे. ती आजोबांची म्हणून सांगावी एवढेच आमचे मागणे. ती आपली म्हणून सांगितली की तीन गोष्टी घडतात. खरी साक्ष बिघडते. चित्र पाहण्याची निकड उरत नाही, कारण न पाहताच सर्व काही ठाऊक असते. आणि जे पाहण्याची निकड नाही ते जपण्याची निकडही कोणास भासत नाही. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ठिकठिकाणाहून फिती, तुकडे, जे मिळेल ते गोळा केले, म्हणून आज एवढे तरी उरले आहे. तरीही ‘प्रभात’च्या जुन्या आवारातील कोठारास जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि नायट्रेटच्या कितीतरी फिती भस्म झाल्या. उरलेले कायम उरेल अशी खात्री कोणासही देता येत नाही.

आमच्या गावचेच पाहा. येथे कॅमेऱ्याचे स्मारक आहे. जयप्रभा स्टुडिओच्या जागेच्या विक्रीवरून २०२२ साली गावात आंदोलन पेटले. ते योग्यच होते. ज्या वास्तूस १९४८ च्या जाळपोळीनंतर भालजी पेंढारकरांनी पुन्हा उभे केले, तिच्याविषयी गावास जिव्हाळा नसता तरच नवल. पण त्या दिवसांत घोषणा देणाऱ्यांस आम्ही सहज विचारीत होतो, ‘भालजींचे कोणते चित्र अलीकडे पाहिलेत?’ ‘साधी माणसं’चे नाव बहुतेकांनी घेतले; आणि पुढे विचारता ऐरणीच्या गाण्यापलीकडे कोणास काही सांगता येईना. भिंतींसाठी रस्त्यावर उतरणारे गाव, त्या भिंतींच्या आत जे घडले ते पाहावयास दोन तास बसत नाही. भिंती वाचल्या आणि चित्रे गेली, तर आपण नेमके काय वाचविले?

तेव्हा उपाय काय? तो फारसा खर्चिक नाही. प्रत्येक बैठकीत बोलणाऱ्याने आधी एवढे सांगावे की, हे चित्र मी पाहिले आहे किंवा नाही. आणि पाहिले नसेल तर ही माहिती कोणाकडून आली. महिन्यातून एकदा, उरलेल्यांपैकी एक चित्र सर्वांनी मिळून आरंभापासून अखेरपर्यंत पाहावे आणि त्याचे दोषही निर्भयपणे बोलावेत. आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तके, जाहिरातीची भित्तिपत्रके, छायाचित्रे पडून असतील, त्यांनी ती रद्दीवाल्याच्या आधी संग्रहालयास दाखवावीत. गेलेल्या चित्रांचे आज तेवढेच पुरावे आहेत, आणि ते ऐकीव नाहीत.

हे सारे आम्ही त्या व्यासंगी गृहस्थांस भीतभीतच बोलून दाखविले. ते क्षणभर रागावले. मग हसले, आणि म्हणाले, ‘कुत्र्याने फसविले खरे.’ पुढची बैठक त्यांच्याच घरी ठरली आहे. तीत भाषणे नाहीत. ‘अयोध्येचा राजा’ पाहावयाचा आहे. मंडळींपैकी कितीजणांनी तो पूर्वी पाहिला होता हे आम्ही विचारून घेतले. सतरांपैकी तिघांनी हात वर केले. आमचा हात तेव्हा खालीच होता; वर जे लिहिले आहे ते त्यानंतर, घरी बसून तो दोनदा पाहिल्यावर लिहिले आहे.