भाडेकरूच्या मुलीचा अधिवास
राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा ८ लाख. २०२४ पासून त्याच मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या पात्र मुलींना पूर्ण शिक्षणशुल्क माफ. इथवर ठीक. पण त्यासाठी लागणाऱ्या अधिवास दाखल्याकरिता राज्यातले १५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे कसे? नवी मुंबईतल्या करावे गावठाणात भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या कुटुंबाकडे वीजबिल असते ते घरमालकाच्या नावाचे. करार बहुधा तोंडीच. मुलीची शाळेतली नोंद मात्र पहिलीपासूनची असते. राज्याचा पैसा राज्यातल्यांनाच मिळावा, ही अट रास्तच. ती आडवी येते नेमकी गरजूला. स्वतःचा फ्लॅट असणाऱ्याला कागदांची ददात नसते. सलग शाळानोंद एकटीच पुरेशी मानावी, असे स्पष्ट परिपत्रक शासनाने काढावे, तेही महाडीबीटी पोर्टलवरील अर्जांची मुदत संपण्याआधी.