निरोप गेला, पोचला का?

पूर्वपक्ष असा: मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीला (ओळख क्रमांकाला) मोबाइल जोडलेला आहे, वृद्धापकाळ पेन्शनच्या ई-केवायसीचा, म्हणजे ओळख-पडताळणीचा, संदेश त्यावर गेला. अडलं तर १८१ ची सीएम हेल्पलाइन आहे, मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई आहे. तरी म्हातारी माणसं ‘आम्हाला कोणी सांगितलं नाही’ म्हणतात. शिकायला नको त्यांना, दुसरं काय!

धार-देवासच्या एखाद्या घरात डोकावून पाहा. जोडलेला नंबर नातवाचा आणि नातू पुण्याला नोकरीला. संदेश वाजतो तो त्याच्या खिशात. कर्जाच्या जाहिरातींबरोबर पुसलाही जातो. आजीला निरोप मिळतो तो पेन्शन न आल्याचा. महिना ६०० रुपयांचं हे पेन्शन, त्यात केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांच्या आतल्यांसाठी २०० चा. चौकशीला रिक्षा करायची ती यातूनच. पुढे यंत्र तिचा झिजलेला अंगठा ओळखत नाही, ते वेगळंच. जनसुनवाई हवीच, पण ती ऐकण्याची सोय झाली, सांगण्याची नव्हे.

माळव्यातल्या आमच्या मराठी बैठकांतला दुसरा पक्षही मला पटत नाही: संस्थानी काळात दवंडी पिटत, ते बरं होतं! देवासात एका गावात दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती. आपलं घर कोणाच्या हद्दीत, इथूनच सुरुवात. आणि दवंडीला उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. १९४८ मध्ये ती संस्थानं मध्य भारतात विरली, त्याचं मला दुःख नाही. दवंडीचा एकच गुण घ्यावा: ती गल्लीत येई.

गल्लीत आज कचरागाडी येते, भोंग्यासकट. आमच्या पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, विनंती: तिच्या गाण्यांच्या मध्ये दोन वाक्यं सांगा. ‘भौतिक सत्यापन’ असले सरकारी शब्द नकोत. ‘अमक्या दिवशी अमक्या शाळेत या, नाहीतर पेन्शन थांबेल’ एवढंच, माळवीत, धारच्या भिल्ल वस्त्यांत भिलीत. (मराठीचा हट्ट नाही, आमच्या आज्या भाजीवाल्याशी माळवीतच घासाघीस करतात.) तोच मजकूर मोठ्या अक्षरांत कंट्रोलच्या (रेशनच्या) दुकानावर चिकटवा. ज्यांचा अंगठा उठत नाही, त्यांच्याकडे माणूस पाठवा.

माणसं कुठून आणायची, असं कोणी म्हणेल. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत ऐंशीपुढच्यांना घरी बसून मत देता आलं. मतपत्रिका घेऊन कर्मचारी दारात आले होते. पार्षदसाहेब, पेन्शन थांबवण्याआधी त्याच दाराची कडी एकदा वाजवायला सांगा.