28 अक्षरांमागची भीती

इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, असे विचारले की अनेक जण एका दमात म्हणून दाखवतात, अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम! इंग्रजी स्पेलिंग 28 अक्षरांचे. 1955 मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही प्रश्नमंजूषेत 12 वर्षांच्या मुलीने ते बिनचूक सांगितले आणि ती देशभर गाजली. अर्थ विचारला की मात्र बहुतेकांची गाडी अडते. मेरियम-वेबस्टर या नामांकित कोशाने तर त्याला जागाच दिलेली नाही. लोक तो लांबीचा नमुना म्हणून वापरतात, अर्थासाठी क्वचितच, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते तो अर्थच आज आपल्या कामाचा आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गुंतागुंतीचा कोड समोर आला की आतल्या कंसापासून बाहेर वाचत जायची सवय. हा शब्दही तसाच वाचावा. गाभ्यात आहे 'एस्टॅब्लिश'. इथे त्याचा अर्थ राजसत्तेने एखाद्या चर्चला अधिकृत दर्जा देणे, म्हणजेच राजाश्रय. 'डिस' लागला की तो राजाश्रय काढून घेणे. 'अँटि' लागला की त्या काढून घेण्याला विरोध. शेवटी 'इझम', म्हणजे विचारसरणी. थोडक्यात, 'धर्माचा राजाश्रय काढू नका' असे म्हणणाऱ्यांची बाजू.

हा वाद सर्वांत तीव्र झाला तो आयर्लंडमध्ये. 1861 च्या जनगणनेत तिथे सुमारे 78 टक्के लोक कॅथलिक होते आणि अधिकृत चर्च ऑफ आयर्लंडचे अनुयायी जेमतेम 12 टक्के. तरीही त्या चर्चसाठी 'टाइथ' नावाचा धर्मकर कॅथलिक शेतकऱ्यालाही भरावा लागे. आपल्या श्रद्धेचे नसलेले चर्च आपल्या घामावर पोसायचे! 1830 च्या दशकात वसुलीवरून रक्त सांडले. 1838 मध्ये या कराचे रूपांतर जमीनदाराने भरायच्या आकारात झाले, पण मूळ अन्याय तसाच राहिला. अखेर ग्लॅडस्टन यांच्या सरकारने 1869 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 1871 पासून चर्च ऑफ आयर्लंडचा अधिकृत दर्जा संपला.

विरोधकांचे म्हणणे होते की राजाश्रय गेला तर धर्म बुडेल, मालमत्तेचा हक्क धोक्यात येईल आणि 1800 च्या कायद्यात दिलेले वचन मोडेल. यातले शेवटचे दोन मुद्दे निव्वळ कांगावा नव्हते, म्हणूनच कायद्याने सेवेतल्या धर्मगुरूंचे हयातभराचे उत्पन्न सुरक्षित ठेवले आणि वापरातल्या चर्चच्या इमारती चर्चकडेच ठेवल्या.

या कायद्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग सहसा सांगितला जात नाही. कॅथलिकांच्या मेनूथ इथल्या धर्मविद्यालयाला सरकार दरवर्षी अनुदान देत असे आणि प्रेस्बिटेरियन धर्मगुरूंनाही पैसे मिळत. एकरकमी भरपाई देऊन हे दोन्ही त्याच कायद्याने बंद झाले. एकाचेच कशाला बंद करता, सगळ्यांनाच थोडे थोडे द्या, असा पर्याय हाउस ऑफ लॉर्ड्समधून पुढे आला होता. कॉमन्सने तो फेटाळला. समता आणायची ती सर्वांना वाटून नव्हे, तर सर्वांचे थांबवून, असा तो निर्णय होता. उरलेल्या निधीतून 1878 मध्ये 10 लाख पौंड माध्यमिक शिक्षणासाठी काढले गेले. पुढे वेल्समध्येही 1920 साली चर्चचा अधिकृत दर्जा संपला.

मग धर्म बुडाला का? चर्च ऑफ आयर्लंड आजही उभे आहे. आपले निर्णय ते स्वतः घेते. इंग्लंडचे चर्च मात्र अजून अधिकृत आहे. त्याचे 26 बिशप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात, पण 1927 आणि 1928 मध्ये त्याने सुधारलेले प्रार्थनापुस्तक संसदेनेच नाकारले. राजाश्रयासोबत लगामही येतो. आयर्लंडच्या चर्चने 1990 मध्ये स्त्रियांना प्रीस्ट केले, इंग्लंडच्या चर्चने 1994 मध्ये. वेल्सच्या स्वतंत्र चर्चला मात्र 1997 उजाडले. म्हणजे राजाश्रय सुटला की सुधारणा आपोआप होते, असेही नाही. ती आतल्या माणसांनाच करावी लागते. फक्त मग सरकारकडे बोट दाखवायची सोय राहत नाही.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. ब्रिटिश काळात इंग्रज पाद्र्यांचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून दिले जात. 1927 च्या कायद्यानुसार 1930 मध्ये इथले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले, तरी 1935 च्या कायद्याने चर्चविषयक कारभार गव्हर्नर-जनरलसाठी राखूनच ठेवला. स्वतंत्र भारताच्या संविधानातला अनुच्छेद 27 या पार्श्वभूमीवर वाचावा. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर भरायची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे तो सांगतो.

हज अनुदानाचा प्रश्न याच जातीचा होता. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले आणि तो पैसा समाजाच्या शिक्षणावर व विकासावर खर्च करणे अधिक हिताचे ठरेल, असे सुचवले. 2018 मध्ये ते पूर्ण बंद झाले. त्याआधीपासून अनेक मुस्लिम स्वतःच ते बंद करा म्हणत होते. मला ही भूमिका योग्य वाटते. मेनूथचे अनुदान सोडल्याने आयर्लंडचा कॅथलिक दुबळा झाला नाही. अनुदान गेल्याने हजही थांबला नाही.

पण न्याय अर्ध्यावर थांबता कामा नये. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्येष्ठ नागरिकांसाठी सर्व धर्मांच्या तीर्थदर्शनाची योजना आणली. यात भेदभाव नाही, असे म्हणता येईल. तरी हा लॉर्ड्सनी सुचवलेलाच मार्ग आहे, सगळ्यांना थोडे थोडे द्या. या मार्गात कोणाला किती, ही तुलना कधी संपत नाही आणि जो धर्मच मानत नाही त्याचाही कर त्यात जातो. म्हाताऱ्या माणसाला प्रवासाला मदत करायची तर तो कुठे जातो, हे सरकारने विचारायचे कारण काय?

पुढच्या वेळी एखाद्या देवस्थानाला, दर्ग्याला किंवा यात्रेला सरकारी निधी जाहीर होईल तेव्हा वाचकांनी दोन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा? आणि तो घेतल्यावर निर्णय कोणाचा? आपल्या धर्मासाठी निधी आला असेल, तेव्हा तर हे प्रश्न आपणच आधी विचारायला हवेत.