वीरगळ : गळलेला वीर नव्हे!

गेल्या पावसाळ्यात एका समारंभात एका विद्वान गृहस्थांनी 'वीरगळ' शब्दाची फोड करून दाखविली. वीर जेथे गळला, तो वीरगळ! मुलांनी टाळ्या पिटल्या. मी कपाळाला हात लावला.

शब्द कानडी आहे, हे सांगावयास एवढी लाज का वाटावी? कानडीत 'कल्लु' म्हणजे दगड. वीराचा दगड तो 'वीरगल्लु'. जोडताना 'क'चा 'ग' झाला आणि मराठीच्या तोंडी 'वीरगळ' रुळला. आम्हां नळदुर्गकरांना कानडी परकी नाही. १९५६ पर्यंत मराठी आणि कानडी मुलूख एकाच हैदराबाद राज्यात नांदत होते. शेजारणीकडून वाटीभर पीठ उसने आणावे आणि शब्द आणला की तोंड लपवावे, हा कुठला न्याय?

आणि 'गळला' म्हणणाऱ्यांनी तो दगड तरी पाहिला आहे काय? तळाशी लढाई, पुष्कळदा सोडवून आणलेल्या गाई. मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा. त्यावर तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून. माथ्यावर चंद्रसूर्य, ते आहेत तोवर कीर्ती! बोरिवलीजवळ एकसरला तर जहाजांची लढाईच कोरली आहे. हा गळलेला वीर नव्हे, चढलेला आहे.

आमच्या मुलांना सिनेमामुळे नॉर्स लोकांचा स्वर्ग तोंडपाठ. त्यांचे रणी पडलेले वीर 'आइनहेर्यार'. एकटे लढणारे, असा त्या नावाचा अर्थ लावतात. वाल्किरी त्यांना ओदिन देवाच्या वाल्हाला महालात नेतात. तेथे दिवसभर एकमेकांशी लढावे, सायंकाळी डुकराच्या मांसावर ताव मारावा आणि शेवटच्या महायुद्धाची वाट पाहावी. कथा सुरस आहे, जरूर वाचावी. पण आमच्या वीराने स्वर्गात पुन्हा तलवार मागितली नाही. गाई घरी पोचल्या, त्याचे काम झाले. तो देवापुढे शांत बसला. हा फरक मुलांना कोण सांगणार?

आपण त्याच दगडावर धुणी आपटतो, तो पायात गाडतो, नाही तर शेंदूर थापून त्याचे कोरीव काम बुजवितो. दूरच्या वीरांचे पोवाडे आणि शिवेवरच्या वीराला ही वागणूक!

वाचकहो, या पाडव्याला मुलांना घेऊन गावाबाहेरच्या वीरगळापाशी जा. दगड पाण्याने हलकेच धुवा, शेंदूर लावू नका. एक पणती ठेवा आणि मुलांना तळापासून माथ्यापर्यंत तो वाचून दाखवा. नाव मात्र कानडीच सांगा.